तीन वर्षांचा अनुभव लिहावा, की शून्य?

पत्राचा सारांश असा: चाळिशी ओलांडलेल्या एक वाचक तीन वर्षांपासून माउंटन बाइक चालवतात. सायकल हार्डटेल आहे, म्हणजे सस्पेन्शन (धक्के शोषणारी व्यवस्था) फक्त पुढच्या फोर्कला, पुढचे चाक धरणाऱ्या भागाला, आहे. त्यांचे बहुतेक फिरणे जंगलातल्या रुंद कच्च्या रस्त्यांवर आणि गाडीवाटांवर होते. अधूनमधून टेकडीवरची एखादी अरुंद पायवाटही वाट्याला येते, आणि तिच्यावर खडक आले की त्या उतरून सायकल हातात धरून चालतात. ज्यांच्याबरोबर त्या फिरतात त्यांच्यातल्या एका जुन्या सोबत्याने मध्यंतरी सर्वांसमोर सांगितले की हे माउंटन बायकिंग नव्हे, ही खडीवरची सैर आहे. खरे माउंटन बायकिंग म्हणजे सिंगलट्रॅक (एका वेळी एकच सायकल जाईल अशी अरुंद वाट), फुल सस्पेन्शन (पुढे आणि मागेही) आणि पाय न टेकता उतरलेला उतार. आता एका दोन दिवसांच्या डोंगरी सहलीच्या फॉर्मवर ‘माउंटन बायकिंगचा अनुभव, वर्षांमध्ये’ असा रकाना आहे. तीन लिहिले तर आपण खोटे बोलतो असे त्यांना वाटते, शून्य लिहिले तर तीन वर्षे पुसल्यासारखी वाटतात. धाकट्या भावाचे म्हणणे असे की फुल सस्पेन्शन घेऊन टाक, म्हणजे प्रश्नच मिटेल. माउंटन बायकिंग नेमके कशाला म्हणायचे, फॉर्मवर काय लिहायचे आणि सायकल बदलायची का, असे त्यांनी विचारले आहे.

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात प्रश्न एकच दिसत असला तरी तो दोन वेगवेगळ्या माणसांनी, दोन वेगवेगळ्या कारणांसाठी विचारलेला आहे. तुमचे सोबती माउंटन बायकिंग कशाला म्हणायचे हे सांगतात तेव्हा त्यावर कोणाचा पुढचा निर्णय अवलंबून नसतो. फार तर कोणाला आपल्यात धरायचे आणि कोणाला नाही, एवढेच त्यातून ठरते. सहलीचे आयोजक मात्र तुमच्या उत्तरावरून तुम्हाला कोणत्या गटात घालायचे, कोणत्या वाटेवर न्यायचे आणि बरोबर किती जाणती माणसे ठेवायची, हे ठरवणार आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सैल असले तरी चालते, दुसऱ्याचे चालत नाही. तुम्ही एकाच उत्तरात दोघांचेही समाधान करू पाहता आहात आणि अडचण तिथेच झाली आहे, असे मला वाटते.

आधी सोबत्यांच्या व्याख्येकडे पाहू, कारण ती तुम्ही तपासल्याशिवायच मान्य केलेली दिसते. तिच्यात तीन अटी आहेत: वाट अरुंद हवी, सायकलला मागेही सस्पेन्शन हवे, आणि पाय खाली टेकता कामा नये. या तीन अटी खुद्द या खेळाच्या इतिहासाला लावून पाहा.

आज ज्याला आपण माउंटन बायकिंग म्हणतो त्याची सलग परंपरा कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत, माउंट टॅमल्पाइस या डोंगराच्या परिसरात, १९७०च्या दशकात सुरू झाली. तिथल्या तरुणांनी १९३० आणि १९४०च्या दशकांतल्या, फुगीर टायरांच्या जड सायकली शोधून काढल्या आणि त्या डोंगरावर नेऊन उतारावरून पळवायला सुरुवात केली. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स या गावाजवळ त्यांनी घड्याळ लावून पहिली शर्यत घेतली. उतार सव्वातीन किलोमीटरांहून थोडा अधिक लांब, आणि तेवढ्यात सुमारे चारशे मीटर खाली आणणारा. पेडल उलटे दाबून लागणारा मागचा ब्रेक त्यात इतका तापे की हबमधले, म्हणजे चाकाच्या मधल्या भागातले, ग्रीस जळून जाई आणि खाली पोहोचल्यावर हब उघडून ते पुन्हा भरावे लागे. शर्यतीला ‘रीपॅक’ हे नाव त्यावरूनच पडले. तुमच्या दृष्टीने महत्त्वाचा तपशील असा की ती वाट सिंगलट्रॅक नव्हती. वणवा विझवणाऱ्या गाड्यांना जाता यावे म्हणून डोंगरात काढलेला तो कच्चा रस्ता होता, म्हणजे तुमच्या नेहमीच्या रस्त्यांच्याच जातीचा, फक्त कितीतरी अधिक तीव्र उताराचा. सस्पेन्शन त्यांच्या सायकलींना नव्हतेच.

त्याच मंडळींतल्या जो ब्रीझ यांनी १९७७मध्ये या कामासाठी मुद्दाम नवी फ्रेम बांधली. गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी १९७९मध्ये अशा सायकली विकण्याचा व्यवसाय सुरू केला. त्यांच्यासाठी फ्रेम टॉम रिची बांधत असत. १९८१मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची स्टम्पजंपर बाजारात आली आणि माउंटन बाइक कारखान्यातून मोठ्या संख्येने तयार होऊ लागली. रॉकशॉक्स कंपनीचा पहिला सस्पेन्शन फोर्क आला तो १९८०च्या दशकाच्या अगदी शेवटी. म्हणजे या खेळाला नाव मिळाले, शर्यती मिळाल्या, दुकाने आणि गिऱ्हाइके मिळाली, आणि एवढे सगळे होईपर्यंत त्याच्या सायकलींना पुढेदेखील सस्पेन्शन नव्हते. सोबत्यांची व्याख्या काटेकोरपणे लावायची तर हा खेळ सुरू करणाऱ्यांनाच त्यातून वगळावे लागेल.

कॅलिफोर्नियाच्याही आधी लोक हे करत होते. पॅरिसच्या परिसरातल्या एका क्लबच्या सायकलस्वारांनी १९५१ ते १९५६ या काळात सायकलींना मोपेडचे फोर्क बसवून खडबडीत वाटांवर शर्यती केल्या. ब्रिटनमध्ये १९५५ साली ‘रफ स्टफ फेलोशिप’ ही संस्था स्थापन झाली. तिचे सभासद साध्या सायकली घेऊन डोंगरी पायवाटांनी जात आणि चालवता येईना तिथे सायकल खांद्यावर घेऊन खिंड ओलांडत. यांना माउंटन बायकर म्हणायचे का, याबद्दल दुमत होऊ शकते. फ्रेंच तरुणांना मी निःसंकोच म्हणेन, ब्रिटिशांना थोडे थांबून म्हणेन, आणि १८९७मध्ये मॉन्टानातल्या मिझुलापासून सेंट लुईपर्यंत सुमारे एकोणीसशे मैल सायकलींवर गेलेल्या अमेरिकी पायदळाच्या पंचविसाव्या रेजिमेंटच्या तुकडीला म्हणणार नाही. त्या सैनिकांचे कष्ट यांतल्या कोणाहीपेक्षा अधिक होते. पण घोड्याऐवजी सायकलवर फौज हलवता येते का, हे त्यांना पाहायचे होते आणि खराब वाट ही त्यांच्या दृष्टीने केवळ अडथळा होती. माउंटन बायकिंग करणारा माणूस ती वाट स्वतः शोधून तिच्यावर जातो. हा फरक पुढे उपयोगी पडेल म्हणून येथे नोंदवून ठेवतो.

राहिली पाय टेकण्याची अट. तुमच्या पत्रात सर्वांत अधिक लाज याच गोष्टीची दिसते, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. सायकलीच्या ज्या प्रकारात पाय टेकला की दंडाचे गुण बसतात त्याला ट्रायल्स म्हणतात. तिथे मोठमोठ्या दगडांवरून, ओंडक्यांवरून तोल सांभाळत जायचे असते आणि सारा खेळ त्या तोलाचाच असतो. क्रॉस-कंट्री या चढ-उतारांच्या वाटांवरच्या शर्यतीच्या प्रकारात, जो १९९०मध्ये डुरँगो येथे झालेल्या पहिल्या अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत होता आणि १९९६मध्ये अटलांटा येथे ऑलिम्पिकमध्ये आला, उतरून सायकल हातात धरून धावण्यास कोणतीही आडकाठी नाही. जातो तो वेळ. चिखलात किंवा घसरड्या चढावर जगातले उत्तमोत्तम स्पर्धक उतरून पळताना दिसतात, आणि त्या क्षणी ते माउंटन बायकिंग करत नाहीत असे कोणी म्हणत नाही. याच प्रकाराच्या नियमांत आणखी एक गोष्ट आहे, जी ऐकून तुमच्या सोबत्यांना नवल वाटेल: शर्यतीच्या मार्गात डांबरी किंवा फरसबंद रस्ता पंधरा टक्क्यांपर्यंत चालतो. तेव्हा थोडा पक्का रस्ता मध्ये आला म्हणून खेळ बाटत नाही, हे खुद्द आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघानेच मान्य केले आहे.

एवढे सांगितल्यावर ‘मग काहीही चालते’ असा निष्कर्ष तुम्ही काढाल, तर मात्र मी तुम्हाला थांबवेन. माझ्या मते सीमा आहे. ती वाटेच्या रुंदीत किंवा सायकलीच्या किमतीत नाही, सायकल चालवताना लक्ष कुठे असते यात आहे. सपाट, घट्ट कच्च्या रस्त्यावर तुम्ही दमाचा, वेगाचा, अंतराचा विचार करत असता. नजर आजूबाजूला फिरली तरी चाक आपले जात राहते. जमीन बिघडू लागली की हे बदलते. काही मीटर पुढे पाहून चाक कुठून न्यायचे ते ठरवावे लागते, वळण येण्याआधी ब्रेक लावून वळणात सोडावा लागतो, दगडांवरून जाताना दोन्ही पेडल समान उंचीवर ठेवून सीटवरून थोडे उठावे लागते, उतारावर अंग मागे आणि चढावर पुढे न्यावे लागते. एखाद्या मुळावर चाक तिरके पडले की घसरते, सरळ पडले की ओलांडते. आणि हा निर्णय घ्यायला क्षणभराचा अवधी असतो. जमीन असे एकामागून एक निर्णय घ्यायला लावू लागली, आणि तेच करायला तुम्ही तिथे गेला असाल, तर ते माउंटन बायकिंग आहे. ही माझी कसोटी आहे, कोणत्याही नियमपुस्तकातली नाही.

या कसोटीचे काही परिणाम सोबत्यांना आवडणार नाहीत आणि काही तुम्हाला. यंत्राने घोटून, वळणांना कड काढून तयार केलेली गुळगुळीत सिंगलट्रॅक दिसायला ‘खरी’ असते, पण पावसाने चर पडलेली आणि सुट्या दगडांनी भरलेली रुंद गाडीवाट तिच्यापेक्षा कितीतरी अधिक निर्णय मागते. तोच रस्ता कोरडा असताना सैर असतो आणि चार दिवसांच्या पावसानंतर राहत नाही. सुट्या मुरुमावरचा तीव्र चढ हे माउंटन बायकिंगचे अगदी अस्सल रूप आहे: उभे राहिले तर मागचे चाक फिरते आणि पकड सुटते, मागे बसले तर पुढचे चाक उचलले जाते, आणि या दोहोंमधली जी अरुंद जागा आहे तिथे अंग ठेवून एकसारखे पेडल मारत राहावे लागते. याची चित्रफीत कोणी पाहत नाही, त्यामुळे खेळ म्हणजे उतार अशी समजूत पसरली आहे. क्रॉस-कंट्रीच्या शर्यती मात्र बहुधा चढांवरच ठरतात. तुम्ही पत्रात चढांचा उल्लेखही केलेला नाही. तीन वर्षे कच्च्या रस्त्यांवर फिरणाऱ्या माणसाला चढ चढता येतच असणार. मग तो अनुभव तुम्ही मोजला का नाही?

आता दुसरी बाजू. तुम्ही वर्णन केले आहे त्यावरून तुमचे बरेचसे फिरणे घट्ट, रुंद आणि फारसे निर्णय न मागणाऱ्या रस्त्यांवर होते. त्याला आज ग्रॅव्हल रायडिंग म्हणतात. त्यासाठी वाकलेल्या हँडलच्या आणि साधारण पस्तीस ते पन्नास मिलिमीटर रुंदीच्या टायरांच्या वेगळ्या सायकली मिळतात, आणि २०२२पासून त्याचीही स्वतंत्र जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरते. तेव्हा सोबती म्हणतात त्यात तथ्य अजिबात नाही, असे मी म्हणणार नाही. तथ्य आहे, पण ते तुमच्या तीन वर्षांतल्या बहुतेक दिवसांबद्दल आहे, सगळ्या दिवसांबद्दल नाही, आणि तुमच्याबद्दल तर नाहीच. माउंटन बायकिंग आज सकाळी दोन तास चालले असेल आणि उद्या अजिबात नसेल. माणसाच्या अंगावर ते कायमचे चिकटत नाही. आणि ‘सैर’ हा शब्द सोबत्यांनी ज्या सुरात वापरला तो सूरही मला पटत नाही. लांब पल्ल्याच्या कच्च्या रस्त्यांसाठी लागणारी चिकाटी अनेक उतारवीरांकडे नसते.

ओघात विजेच्या माउंटन बाइकबद्दलही सांगतो, कारण याच धर्तीचा प्रश्न इतर वाचकही विचारतात. २०१९पासून त्यांचीही जागतिक अजिंक्यपद स्पर्धा होते. मोटर चढावर पाय हलके करते, खडकांतून चाक कुठून न्यायचे हे मात्र सांगत नाही. माझ्या मते तेही माउंटन बायकिंगच आहे. अशा सायकली कोणत्या वाटांवर न्यायच्या, हा वेगळा आणि खराखुरा प्रश्न आहे.

काही ठिकाणी हा प्रश्न तुमच्या-माझ्या मतावर सोपवलेला नसतो. पहिले ठिकाण जमिनीचे कायदे. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९६८च्या कायद्याने घोड्यांसाठीच्या वाटांवर सायकल नेण्याची मुभा दिली, पण पायी जाणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना आधी वाट देण्याच्या अटीवर. केवळ पादचाऱ्यांसाठीच्या वाटांवर हा हक्क नाही. स्कॉटलंडमध्ये २००३च्या कायद्यानुसार जबाबदारीने वागणाऱ्या सायकलस्वाराला बहुतेक मोकळ्या जमिनीवर जाता येते. अमेरिकेत १९६४च्या कायद्याने संरक्षित केलेल्या रानांत यांत्रिक वाहतुकीला मनाई आहे आणि तिच्यात सायकलही येते, हे तिथल्या वनसेवेने १९८४मध्ये स्पष्ट केले. ‘मी नुसती सैर करते आहे’ हे तिथे सांगून उपयोग नाही. चाक ते चाक. तुम्ही जिथे फिरता तिथला नियम काय आहे, तो स्थानिक व्यवस्थापनाला विचारूनच घ्यावा.

दुसरे ठिकाण सायकल. भावाच्या सूचनेचे उत्तर येथे मिळते, म्हणून जरा थांबू. सायकल कशा वापरासाठी बनवली आहे हे सांगणारे एक प्रचलित अमेरिकी मानक आहे. अनेक उत्पादक सायकलीबरोबरच्या पुस्तिकेत किंवा फ्रेमवरच्या चिकटपट्टीवर त्यानुसार आकडा देतात. पहिला वर्ग पक्क्या रस्त्यांचा. दुसरा कच्च्या आणि खडीच्या, फार तर १५ सेंटिमीटरच्या उडीचा. तिसरा खडबडीत वाटांचा, ६१ सेंटिमीटरपर्यंतच्या उड्यांचा. चौथा १२२ सेंटिमीटरपर्यंतचा, आणि पाचवा त्यापलीकडच्या अतितीव्र वापराचा. क्रॉस-कंट्रीसाठी बनवलेली चांगली हार्डटेल सहसा तिसऱ्या वर्गात येते, म्हणजे तुम्हाला जिथे उतरून चालावे लागते तशा बऱ्याच जागा तिच्या आवाक्यात असतात. दिसायला माउंटन बाइक असलेल्या काही स्वस्त सायकली मात्र दुसऱ्याच वर्गात मोडतात, आणि त्यांच्यावर ‘खडकाळ वाटांसाठी नाही’ अशा अर्थाची सूचनाही असते. तुमच्या सायकलीची पुस्तिका आजच काढून पाहा. आकडा तिसरा निघाला तर सायकल बदलण्याचे कोणतेही कारण मला दिसत नाही. दुसरा निघाला तर खडकांवर उतरून चालण्याचा तुमचा निर्णय शहाणपणाचाच होता आणि सोबत्यांपैकी कोणी तसा आग्रह धरला तरी तो बदलू नका.

तिसरे ठिकाण म्हणजे तुमचा फॉर्म. पोहता येते का, हा प्रश्न काठावर गप्पा मारताना विचारला तर ‘हो’ म्हणून मोकळे होता येते. होडीत बसण्यापूर्वी विचारला तर किती खोल पाण्यात आणि किती वेळ, हे सांगावे लागते. वर्षे हे त्यासाठी अगदी कच्चे माप आहे. तीन वर्षे रुंद रस्त्यांवर फिरलेली व्यक्ती आणि सहा महिने दर आठवड्याला खडकांवर सराव केलेली व्यक्ती यांच्यात त्या सहलीला अधिक तयार कोण, हे वर्षांवरून कळत नाही. सायकल-वाटांचे व्यवस्थापन करणाऱ्यांनी म्हणूनच वाटांची प्रतवारी केली आहे. १९८८मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय माउंटन बायसिकलिंग संघटनेची पद्धत बर्फावरच्या स्कीइंगच्या खुणांवरून घेतलेली आहे: हिरवे वर्तुळ सोपे, निळा चौकोन मध्यम, पत्त्यांतल्या चौकटसारखी काळी खूण अवघड आणि तशा दोन काळ्या खुणा अतिअवघड. वाटेची रुंदी, पृष्ठभाग, चढ-उताराची तीव्रता आणि अडथळे यांवरून वर्ग ठरतो. ब्रिटनमध्ये निळ्या आणि काळ्याच्या मध्ये लाल रंगही असतो, त्यामुळे नुसता रंग ऐकून निश्चिंत होऊ नये. जर्मन भाषक प्रदेशांत एस-शून्य ते एस-पाच अशी श्रेणी वापरतात: शून्यावर विशेष अडचण नसते, दोनवर सुटे दगड आणि छोट्या पायऱ्या येतात, तीनवर उंच पायऱ्या आणि अगदी आवळलेली वळणे.

तेव्हा रकान्यात तीन हा आकडा लिहा, तो खोटा नाही. पण त्याच्यापुढे, जागा नसेल तर समासात किंवा वेगळ्या निरोपात, या आशयाचे लिहा: ‘तीन वर्षे हार्डटेलवर नियमित, मुख्यतः रुंद कच्च्या रस्त्यांवर. अरुंद पायवाटांवर कधीकधी. सुट्या खडीवरचे चढ बसून चढता येतात. खडकाळ उतारावर सध्या उतरून चालते. उडी किंवा पायरी यांचा सराव नाही.’ चढांचे वाक्य तुमच्या बाबतीत खरे असेल तरच ठेवा. एवढे वाचून कोणताही जाणता आयोजक तुम्हाला योग्य गटात घालील. आणि ते तुम्हाला विचारतात तसे तुम्हीही त्यांना विचारा: वाटांची प्रत काय आणि ती कोणत्या पद्धतीची, सर्वांत अवघड टप्पा किती लांबीचा आणि त्याला वळसा आहे का, दिवसाकाठी एकूण चढ किती मीटर, उतरून चालणाऱ्यांसाठी गट थांबतो का. शेवटच्या प्रश्नावर आयोजक उत्तर टाळू लागले, तर ती सहल तुमच्यासाठी नाही, मग तुमचा अनुभव कितीही असो. एखाद्या सहलीचे आयोजक हे वाचत असतील तर त्यांना एवढेच सुचवतो की वर्षांचा रकाना काढून टाकावा आणि त्याजागी गेल्या वर्षभरात सहज पार केलेल्या सर्वांत अवघड वाटेचे वर्णन मागावे. अनुभव कमी सांगणाऱ्यांपेक्षा जास्त सांगणारेच तुम्हाला अधिक अडचणीत आणतात, आणि नुसत्या आकड्यामागे लपणे त्यांना फार सोपे जाते.

सोबत्यांबद्दल आता थोडे. त्यांनी ते सर्वांसमोर बोलायला नको होते. तरीही त्यांच्या बोलण्यामागे केवळ बढाई होती असे धरून चालू नका. अवघड वाटेवर एखादी व्यक्ती ‘मला येते’ असे सांगून येते आणि मध्यावर अडकते तेव्हा तिला खाली आणण्याचे काम जुन्या माणसांवरच पडते. असा प्रसंग वाट्याला आलेली माणसे शब्दांच्या बाबतीत फार कडक होतात. एकांतात त्यांना सरळ विचारा, ‘मी तुमच्याबरोबर कोणत्या वाटेवर येऊ शकेन असे तुम्हाला वाटते, आणि कोणत्या वाटेवर नाही?’ त्यांना काळजी असेल तर ते वाटेचे नाव घेऊन, जागा दाखवून उत्तर देतील, आणि ते उत्तर तुमच्या कामाचे असेल. पुन्हा सायकलीच्या किमतीवर आणि व्याख्येवर आले, तर तो विषय सोडून द्या.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल: तुम्हाला हा शब्द हवा आहे. पत्रात ते लपत नाही, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण तो सस्पेन्शन विकत घेऊन मिळत नाही, कारण मागचे सस्पेन्शन चाक जमिनीला धरून ठेवते आणि चुकीच्या जागी पडलेल्या चाकाची थोडी भरपाई करते. चाक कुठून न्यायचे हे तुमच्याऐवजी ठरवत नाही. हार्डटेलवर चाक चुकीच्या जागेवरून नेले तर ते लगेच अंगाला कळते, म्हणून शिकायला ती वाईट नाही. नवी सायकल घेण्याआधी बिनखर्चाच्या दोन गोष्टी करा. टायरच्या कडेवर लिहिलेल्या कमाल आकड्यापर्यंत हवा भरत असाल तर ती कमी करा. माउंटन बाइकच्या रुंद टायरना, वजनानुसार, बहुधा वीस ते तीस पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) पुरते. आत ट्यूब असेल तर एकदम फार खाली जाऊ नका, रिमवर आपटून ट्यूब चिमटली जाते. आणि उतार सुरू होण्यापूर्वी सीट खाली घ्या. अंगाला मागे-पुढे व्हायला जागा मिळाली की जो टप्पा आजवर अशक्य वाटत होता त्यातला अर्धा भाग शक्य वाटू लागतो.

मग तुम्ही नेहमी उतरता त्या जागांपैकी एकच निवडा: छोटी, खाली मोकळी जागा असलेली, पडले तरी फार लागणार नाही अशी. बरोबर कोणालातरी न्या, हेल्मेट आणि हातमोजे घाला. आधी ती जागा चालत, वरून खाली आणि खालून वर, दोन्ही बाजूंनी पाहा. चाक कुठून जाईल ते ठरवा आणि मगच सायकलवर बसा. सगळा टप्पा एकदम करण्याची गरज नाही, शेवटच्या दोन-तीन मीटरपासून सुरू करून हळूहळू वर सरकत जावे. एखाद्या दिवशी मन घेत नसेल तर उतरा आणि चालत जा, फक्त वाटेच्या कडेला होऊन, म्हणजे मागून येणाऱ्याला जागा राहील. काही महिन्यांनी तुमच्या परिसरातल्या बहुतेक वाटा हार्डटेलवर होऊ लागल्या, आणि अडते ते तुमच्यामुळे नसून मागच्या चाकाच्या उसळण्यामुळे, असे सलग काही वेळा जाणवले, तर फुल सस्पेन्शनचा विचार करा. तोही आधी एखादा दिवस भाड्याची सायकल चालवून, आणि ओळखीच्या वाटेवर, म्हणजे फरक सायकलीचा की वाटेचा ते कळेल. या सहलीसाठी मात्र आहे तीच सायकल न्या.